मुंबईत दुकानात हेम्पचा माल ठेवायचाय? कागद कुठल्या क्रमाने करायचे आणि लोकं नेमकं कुठे चुकतात

"हेम्पचं (म्हणजे भांग-गांजाच्या झाडाच्या मालाचं) लायसन्स कुठे मिळतं हो?" असं दुकानदार सारखं विचारतात, आणि त्याचं उत्तर असं की या नावाचं लायसन्स मुंबईत कुठल्याच खिडकीवर मिळत नाही. वॉर्ड ऑफिसात नाही, बीकेसीच्या एफडीएत (अन्न व औषध प्रशासनात) नाही, फोर्टच्या एक्साइजच्या (राज्य उत्पादन शुल्काच्या) ऑफिसातही नाही. मग लोकं काय करतात, गुमास्ता काढतात, तो फ्रेम करून गल्ल्याच्या वर लावतात आणि सप्लायरने जे काय पाठवलं ते, बिया, तेल, गमीज, ड्रॉप्स, सगळं एकाच शेल्फवर मांडून मोकळे होतात. कोणी विचारायला आलं की गुमास्त्याकडे बोट. अहो, गुमास्ता म्हणजे इथे एक दुकान आहे आणि त्यात इतकी माणसं काम करतात एवढंच, आत तुम्ही काय विकता त्याच्याशी त्याचा काडीचा संबंध नाही.

मी दुकानांची लायसन्सची कामं करतो, त्यामुळे खालचा क्रम प्रत्यक्षात कागद ज्या क्रमाने लागतात तसाच दिलाय. बहुतेक लोकं उलटं करतात, आधी माल उचलतात मग कागद शोधतात, आणि मग माल परत जात नाही कारण सप्लायर फोन उचलत नाही. हा लेख फक्त विकणाऱ्यांसाठी आहे, स्वतः माल बनवणाऱ्यांचं प्रकरण वेगळं आणि मोठं आहे.

पायरी १: माल झाडाच्या कुठल्या भागाचा आहे ते आधी ठरवा

सगळा खेळ इथेच आहे, त्यामुळे ही पायरी सावकाश वाचा.

केंद्राचा १९८५ चा एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांचा कायदा आहे. त्यात गांजा म्हणजे झाडाचे फुलांचे किंवा फळांचे शेंडे. बिया आणि पानं त्या शेंड्यांसोबत नसतील तर ती गांजा धरत नाहीत. चरस म्हणजे राळ, ती कुठल्याही रूपात बंद. एवढं व्हॉट्सअ‍ॅपवर वाचून लोकं खूश होतात की चला, पान लीगल आहे, आणि तिथेच फसतात. कारण आपल्याकडे राज्याचा १९४९ चा दारूबंदी कायदा पण लागू आहे आणि त्यात भांग, म्हणजे पान, मादक द्रव्यात येते. परवान्याशिवाय भांग बनवणं, जवळ ठेवणं, विकणं, पिणं, सगळं गुन्ह्यात. कलम ६६ वाचून घ्या एकदा.

"मग बनारसला ठेक्यावर उघड मिळते ती?" मिळते, कारण तो यूपीचा कारभार आहे, तिथे राज्याने ठेके दिलेत. गुजरातने २०१७ साली भांग आपल्या यादीतून काढून टाकली. प्रत्येक राज्याचं वेगळं, त्यामुळे दुसऱ्या राज्यातल्या सप्लायरने "सर, हंड्रेड पर्सेंट लीगल इन इंडिया" असं लिहून पाठवलं तर ते तुमच्या दादरच्या किंवा मालाडच्या दुकानाला लागू पडेलच असं नाही. होळीच्या आठवड्यात भांगेची थंडाई ठेवणाऱ्यांनी तर हे दोनदा वाचावं.

तर तीन ढीग करा:

बी आणि बीपासून काढलेलं: सोललेल्या बिया, बियांचं तेल, बियांचं पीठ, प्रोटीन पावडर. हे अन्नात येतं. एफएसएसएआयने, म्हणजे केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाने, नोव्हेंबर २०२१ मध्ये याला परवानगी दिली.

पान: 'विजया' (भांगेचं आयुर्वेदातलं नाव) नाव असलेली आयुर्वेदिक औषधं, पानाचा अर्क घातलेलं तेल, ड्रॉप्स. हे अन्न नाही. याला वेगळा रस्ता, पायरी ६ बघा.

शेंडे, राळ, आणि ज्याचं मूळ कोणी नीट सांगत नाही ते: हात लावू नका. एक किलोपर्यंतचा गांजा कायद्यात 'अल्प प्रमाण' धरतात हे खरं, पण त्यालाही एक वर्षापर्यंत सक्तमजुरी आहे, त्यामुळे "थोडाच तर आहे" हे काही उत्तर होत नाही.

> थांबा, तपासा: पाकिटावर 'सीबीडी', 'फुल स्पेक्ट्रम', 'हेम्प एक्स्ट्रॅक्ट' असं काही लिहिलंय का? सीबीडी हा झाडातला एक घटक, बीमध्ये तो जवळजवळ नसतोच, त्यामुळे हे शब्द दिसले की माल पानाचा नाहीतर फुलाचा आहे असं धरून चाला, सप्लायर कितीही 'हेम्प सीड' म्हणू दे.

आणि व्हेप. आत निकोटीन असो की सीबीडी, ई-सिगारेटची विक्री २०१९ च्या कायद्याने देशभर बंद आहे. यावर पुढे काही लिहीत नाही.

पायरी २: ऑर्डर देण्याआधी सप्लायरकडून कागद मागवा

पैसे टाकायच्या आधी. नंतर नाही.

काय मागायचं: बनवणाऱ्याच्या एफएसएसएआय लायसन्सची कॉपी, माल कुठल्या राज्यातून आला आणि तिथल्या परवानगीचा कागद (बरंचसं उत्तराखंडकडून येतं), जीएसटीचं बिल, आणि प्रत्येक बॅचचा लॅब रिपोर्ट. सगळ्यात जास्त गफलत या लॅब रिपोर्टमध्ये होते.

टीएचसी म्हणजे झाडातला नशा आणणारा घटक. अन्नासाठी त्याची मर्यादा अशी: बियांमध्ये किलोला ५ मिलिग्रॅम, बियांच्या तेलात किलोला १० मिलिग्रॅम, बियांपासून बनवलेल्या पेयात किलोला ०.२ मिलिग्रॅम. सीबीडी असलंच तर किलोला ७५ मिलिग्रॅमच्या वर नको. आता सप्लायर काय पाठवतो, तर एक छान रंगीत रिपोर्ट, त्यात लिहिलेलं असतं 'टीएचसी ०.३ टक्क्यांपेक्षा कमी', आणि दुकानदार म्हणतो वा, शून्य पॉइंट तीन, किती कमी आहे. हिशोब करा. ०.३ टक्के म्हणजे किलोला ३००० मिलिग्रॅम. बियांची मर्यादा ५. सहाशे पट झाले. ०.३ चा आकडा शेतातल्या पिकासाठी वापरतात, बरणीतल्या बियांसाठी तो नाही.

तसंच 'टीएचसी आढळले नाही' एवढ्यावरही समाधान मानू नका. लॅबची मोजायची किमान पातळी किती होती ते रिपोर्टवर बारीक अक्षरात असतं. ती किलोला १०० मिलिग्रॅम असेल तर त्याखालचं त्यांना दिसलंच नाही, एवढाच त्याचा अर्थ. बियांसाठी ५ च्या खाली मोजणारी लॅब हवी.

> तपासा: रिपोर्टवरचा बॅच नंबर आणि पाकिटावरचा बॅच नंबर एकच आहे का? लॅब एनएबीएल (लॅबना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) मान्यतेची आहे का? तारीख या मालाच्या आधीची तर नाही ना? एकच पीडीएफ दोन वर्षं सगळ्या बॅचना फिरवतात, हे कॉमन आहे.

पायरी ३: एक पाकीट हातात घेऊन दोन्ही बाजू वाचा

सँपल मागवा आणि खिडकीजवळ उजेडात बसून वाचा. माझ्याकडे एका दुकानदाराने आणलेलं पाकीट सांगतो. हिरवं पाऊच, समोर ते सात बोटांचं पान मोठ्ठं छापलेलं, नाव 'विजया गमीज' टाइपचं. मागे खाली आयुर्वेदिक मॅन्युफॅक्चरिंग लायसन्सचा नंबर, त्याच्याच खाली एफएसएसएआयचा लोगो आणि १४ आकडी नंबर, आणि मध्ये झोप, चिंता, कॅन्सरच्या वेदना, शुगर, सगळ्यावर गुणकारी. किंमत स्टिकरवर, आणि स्टिकर सोललं तर खाली वेगळी किंमत.

आता यात काय काय चुकलं बघा. एकच वस्तू एकाच वेळी औषध आणि अन्न असू शकत नाही, दोन्ही नंबर दिसले की कोणीतरी दोन्हीकडून सोयीचं घेतलंय. एफएसएसएआयने परवानगी बीला दिलीय, पानाचा अर्क घातलेल्या गमीला नाही, त्यामुळे तो १४ आकडी नंबर तिथे शोभेलाच आहे. कॅन्सर, शुगर असल्या आजारांवर औषध म्हणून जाहिरात करायला १९५४ च्या औषध आणि जादुई उपाय कायद्याने मनाई आहे, आणि पाकिटावरचं लिखाणसुद्धा जाहिरातच धरतात. अन्न म्हणून विकायच्या मालावर नशा चढेल असं सुचवणारं काही चालत नाही. ते पानाचं चित्र तर माझ्या मते सगळ्यात महाग पडतं, कारण रस्त्यावरून जाणाऱ्या हवालदाराला लेबल वाचायला वेळ नसतो, चित्र मात्र लगेच दिसतं. आणि छापील किमतीवर जास्त किमतीचं स्टिकर म्हणजे वजनमापवाल्यांना आमंत्रण.

ते पाकीट परत पाठवलं आपण.

बीच्या मालाच्या लेबलवर साधं हवं: नाव, घटक, निव्वळ वजन, एमआरपी, बॅच, तारखा, बनवणाऱ्याचा पत्ता, तक्रारीसाठी नंबर, शाकाहारी चिन्ह, एफएसएसएआय नंबर. बस.

पायरी ४: जागा, गुमास्ता आणि पाटी

इथे महापालिका येते, आणि खरं सांगायचं तर महापालिकेला तुमच्या हेम्पशी फारसं देणंघेणं नाही, तिला तुमच्या जागेशी आहे.

वीसपेक्षा कमी माणसं कामाला असतील तर २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात नुसती सूचना द्यावी लागते, ऑनलाइन, आणि पावती मिळते. वीस किंवा जास्त असतील तर नोंदणी. व्यवसायाचं स्वरूप लिहायच्या रकान्यात लोकं 'हेम्प प्रॉडक्ट्स', 'कॅनाबिस वेलनेस स्टोअर' असलं काहीतरी स्टायलिश टाकतात. गरज काय? 'खाद्यपदार्थांची किरकोळ विक्री' हे खरं पण आहे आणि सरळ पण. मात्र जे विकत नाही ते लिहू नका आणि जे विकता ते लपवू नका, औषधं पण ठेवणार असाल तर तेही लिहा.

जागा भाड्याची असेल तर लीव्ह अँड लायसन्स अ‍ॅग्रीमेंट रजिस्टर्ड हवं आणि जागेचा वापर कमर्शियल हवा. राहत्या फ्लॅटमधून 'फक्त पॅकिंग' करतो म्हणणारे खूप आहेत, सोसायटीत एक तक्रार गेली की पुढची सगळी लायसन्सं लटकतात.

दुकानातच लाडू, स्मूदी, चटणी बनवून देणार असाल तर नुसतं दुकान राहत नाही, ते खाण्याची जागा होते. मग वॉर्डच्या आरोग्य खात्याचं लायसन्स, फायरचं बघणं, पाणी, ड्रेनेज, सगळं लागतं. तेलाचा मोठा साठा किंवा गोडाऊन असेल तर महापालिका कायद्याच्या कलम ३९४ खाली परवाना लागतो का ते वॉर्डात जाऊन लेखी विचारा.

पाटी. नाव मराठीत, देवनागरीत, आधी, आणि अक्षरं दुसऱ्या भाषेपेक्षा लहान नकोत. २०२३ च्या नोव्हेंबरपासून महापालिका यावर दंड लावतेय. पाटीत लाइट असेल तर तिचं वेगळं लायसन्स. आणि पुन्हा सांगतो, पाटीवर ते पान नको. दुकानाचं नाव 'चिलम' आणि 'चरसी' ठेवून वर "आम्ही फक्त बिया विकतो" म्हणणाऱ्याचं मी काम घेत नाही.

> सावध: 'बीएमसी हेम्प एनओसी' काढून देतो म्हणणारा एजंट भेटला तर हात जोडा आणि निघा. तसा कागद नसतो. शिक्के असलेला कागद तो देईलही, प्रश्न तो नाही.

पायरी ५: एफएसएसएआय, आणि योग्य रकाना निवडणं

मुंबईत अन्नाचं लायसन्स महापालिका देत नाही, राज्याचं एफडीए देतं, अर्ज एफएसएसएआयच्या फॉस्कॉस पोर्टलवर. वर्षाची उलाढाल किती त्यावर साधं रजिस्ट्रेशन, स्टेट लायसन्स किंवा सेंट्रल लायसन्स ठरतं. १२ लाख आणि २० कोटी हे जुने टप्पे सगळ्यांना पाठ आहेत, पण अर्ज भरायच्या दिवशी पोर्टल जो टप्पा दाखवेल तोच धरा.

चूक होते ती 'काइंड ऑफ बिझनेस' निवडताना. तुम्ही बंद पाकिटं आणून तशीच विकता तर रिटेलर. पण २५ किलोची गोणी आणून दुकानात अडीचशे ग्रॅमच्या पाऊचमध्ये भरता, वर स्वतःचं स्टिकर लावता, तर तुम्ही रीपॅकर झालात, आणि रिटेलरचं लायसन्स त्याला पुरत नाही. शिवाय वजनमाप खात्याकडे पॅकर म्हणून नोंदणी वेगळी. दादर-माहीमची कितीतरी ड्रायफ्रूटची दुकानं अशीच चालतात आणि काजूत कोणी विचारत नाही हे मान्य, पण हेम्पच्या पाऊचवर नजर जाते हो.

लायसन्स पत्त्याला असतं, माणसाला नाही. दुकान पार्ल्यात आणि गोडाऊन भिवंडीत, तर दोन. ऑनलाइन विकणार असाल तर अर्जातच तसं सांगा, प्लॅटफॉर्मवाले नंबर मागतात आणि तो जुळला नाही की लिस्टिंग उडवतात. परराज्यात माल पाठवणार असाल तर जीएसटी नंबर उलाढाल कितीही असो, लागतोच.

नंबर आला की तो बिलावर छापा. २०२२ च्या जानेवारीपासून ते बंधनकारक आहे, तरी बिलबुकं जुनीच चालू असतात.

> तपासा: फॉस्कॉसवर स्वतःचा नंबर टाकून बघा. नाव, पत्ता, व्यवसायाचा प्रकार, मुदत बरोबर दिसते का? मग सप्लायरचा नंबर टाका. दुसऱ्याच कंपनीचं नाव आलं तर ऑर्डर थांबवा.

पायरी ६: पानाची आयुर्वेदिक औषधं ठेवायचीच असतील तर

आयुर्वेदिक औषध नुसतं विकायला केंद्राच्या औषध कायद्यात वेगळं विक्री लायसन्स नाही, बनवायला आहे. हे ऐकून लोकं लगेच माल भरतात. थांबा. भांग त्या कायद्याच्या नियमांत विषारी द्रव्यांच्या यादीत, शेड्यूल ई-१ मध्ये आहे, आणि पोटात घ्यायच्या अशा औषधाच्या डब्यावर 'वैद्यकीय देखरेखीखालीच घ्यावे' या अर्थाची सूचना इंग्रजी आणि हिंदी दोन्हीत ठळक हवी. ती नाही, तर तो डबा नको.

मोठा प्रश्न राज्याच्या दारूबंदी कायद्याचा आहे. माझं मत स्पष्ट सांगतो, बाकीचे कन्सल्टंट वेगळं सांगतील: पानाचा माल मागवण्याआधी राज्य उत्पादन शुल्क विभागाला पत्र द्या. त्यांचं मुख्य ऑफिस फोर्टला आहे. पत्रात औषधाचं नाव, घटक, उत्पादकाचा लायसन्स नंबर, किती साठा ठेवणार, सगळं लिहा आणि उत्तर लेखीच मागा. पोच घ्या, आवक (इनवर्ड) नंबर घ्या. महिनाभर काही आलं नाही तर स्मरणपत्र द्या. तोंडी "ठेवा हो, चालतं" याला काडीची किंमत नाही, ते बोलणारे साहेब पुढच्या वर्षी बदलून जातात. लेखी आलं नाही तोवर मी कोणालाच पानाचा माल ठेवायला सांगत नाही, धंदा थोडा कमी झाला तरी चालेल.

लेखी मिळालं आणि ठेवलंत, तर रजिस्टर ठेवा: तारीख, बॅच, डॉक्टरचं नाव, प्रिस्क्रिप्शनची कॉपी, किती दिलं. कपाटाला कुलूप. अठराच्या आतल्याला नाही. हे सगळं कायद्यात असंच लिहिलंय म्हणून नाही सांगत, चौकशीत हेच रजिस्टर कामाला येतं म्हणून सांगतोय.

पायरी ७: शेल्फ आणि इन्स्टाग्राम

बियांचा माल खाण्याच्या शेल्फवर, औषध वेगळ्या कपाटात, साबण-शांपू तिसरीकडे. एकत्र ठेवलं की गिऱ्हाईक तेलाच्या दोन बाटल्यांमध्ये गोंधळतं, आणि तपासणीला आलेला माणूस पण.

बिया 'कुंडीत लावून बघा' म्हणून विकू नका, परवानगीशिवाय लागवड हा एनडीपीएसमधला गुन्हा आहे. काउंटरवरच्या पोराला शिकवा. गिऱ्हाईक डोळा मारून विचारतं, "चढते का?" आणि पोरगं विक्रीच्या नादात म्हणतं "जरा जास्त खाऊन बघा". हे असं एक वाक्य मोबाइलवर रेकॉर्ड झालं की तुमची फाइल कितीही जाड असो, पुढे त्रास आहे. उत्तर एकच: बिया आहेत, तिळासारख्या, नशा नाही.

इन्स्टाग्रामवर '४:२०'चे, म्हणजे गांजाच्या नशेचे जोक, धूर सोडणारे रील, आजार बरा झाल्याचे रिव्ह्यू शेअर करणं, सगळं बंद. ग्राहकाने स्वतः लिहिलेला रिव्ह्यू तुम्ही स्टोरीला लावला की तो तुमचा दावा झाला.

पायरी ८: तपासणी आली तर

एफडीए, एक्साइज, पोलिसांचं अमली पदार्थ विरोधी पथक, वॉर्डचा माणूस, कोणीही येऊ शकतं. ओळखपत्र बघा, नाव आणि पद लिहून घ्या, फाइल पुढे करा. फाइलमध्ये वरून खाली हा क्रम ठेवा: एफएसएसएआय, खरेदीची बिलं, बॅचनुसार लॅब रिपोर्ट, गुमास्ता, अ‍ॅग्रीमेंट, एक्साइजचा पत्रव्यवहार. गुमास्ता पहिला ठेवायची सवय मोडा.

अन्न सुरक्षा अधिकारी सँपल घेतात तेव्हा लेखी नोटीस देतात, मालाची किंमत देतात आणि सँपलचे चार भाग करून सील करतात. एक भाग सरकारी अन्न विश्लेषकाकडे जातो. चौथा भाग मान्यताप्राप्त लॅबमध्ये पाठवा अशी मागणी तुम्ही करू शकता, पण ती तेव्हाच आणि लेखी करायची, नंतर आठवून उपयोग नाही. हेम्पमध्ये ही मागणी कराच, कारण इतक्या बारीक पातळीवर टीएचसी मोजताना दोन लॅबचे आकडे वेगळे येऊ शकतात. एक-दोन ओळींचा अर्ज आधीच टाइप करून फाइलच्या खिशात ठेवा, फक्त तारीख आणि बॅच भरायची.

पंचनाम्यावर सही करण्याआधी वाचा. 'हिरवट पदार्थ' असं मोघम लिहिलं असेल तर 'सोललेल्या बिया, सीलबंद पाकीट, बॅच अमुक' असं लिहून घ्यायची विनंती करा, आवाज न चढवता. कॉपी घ्या. मग त्या बॅचची उरलेली पाकिटं शेल्फवरून काढून वेगळ्या खोक्यात ठेवा, सप्लायरला त्याच दिवशी ईमेल टाका, फोन नाही, ईमेल. विश्लेषकाचा रिपोर्ट विरोधात आला तर तो मिळाल्यापासून ३० दिवसांत डेझिग्नेटेड ऑफिसरकडे अपील करता येतं. रिपोर्ट हातात आला त्या दिवशीच त्याच्या लिफाफ्यावर तारीख टाकून ठेवा, कारण पोस्टाचा शिक्का बऱ्याचदा वाचता येत नाही.